पिशवी काढू का

गृहविज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला ‘स्त्रियांचा आहार आणि आरोग्य’ असा प्रकल्प होता. वीस बायका निवडायच्या आणि प्रत्येकीच्या घरी दोनदा जायचं. पहिल्या भेटीत फॉर्म भरून सल्ला द्यायचा, दुसऱ्या भेटीत तो किती पाळला ते बघायचं. त्या प्रकल्पाला वर्गात सगळ्यात जास्त गुण मला मिळाले. हे सांगायची मला लाज वाटते, म्हणून आधी तेच सांगून मोकळी होते.

मी परळीची. वडील थर्मलच्या वीज केंद्रात नोकरीला, आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो. दोरीवरच्या कपड्यांवरची राख झटकून घड्या घालायच्या, एवढंच काय ते मला कष्टाचं काम. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका मी पाहिल्या होत्या त्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, भांड्याकुंड्यांवर बसलेल्या, तेही रस्त्याच्या पलीकडून. मैत्रिणींना शहरातल्या कॉलन्या मिळाल्या आणि माझ्या वाट्याला उमापूरकडची ऊसतोड मजुरांची एक वस्ती आली, तेव्हा मी दोन दिवस तोंड फुगवून बसले होते.

मॅडमनी आम्हाला पांढरे कोट शिवून घ्यायला लावले होते. मुली जरा शिस्तीत दिसाव्यात, एवढाच त्यांचा हेतू. पण वस्तीवर त्या कोटाचा अर्थ एकच होता. मी दिसले की बायका पोरांचे हात पुढे करायच्या, डोळे दाखवायच्या. पहिल्या दिवशी मी सांगून पाहिलं, की मी डॉक्टर नाही, कॉलेजची मुलगी आहे. दुसऱ्या दिवशी सांगायचं सोडून दिलं. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं.

फॉर्म चार पानांचा होता. काल सकाळपासून काय काय खाल्लं, पाळी नियमित येते का, अंगावरून जातं का, दवाखान्यात दाखवलं का. मग दवाखान्याचे कागद मागून बघायचे. कागद मागितले की प्रत्येक घरी एकच गोष्ट घडायची. खुंटीवरची नाहीतर पेटीतली पिशवी निघायची. रेशनकार्ड, आधार, पोरांचे दाखले, गोळ्यांची पाकिटं, सगळा संसार त्या एका पिशवीत. ‘थांबा ताई, पिशवी काढते’ हे वाक्य मी त्या तीन दिवसांत इतक्या वेळा ऐकलं की माझी मान वरसुद्धा होत नसे.

ती सतरावी होती. वय चोवीस, सातवी पास, दोन मुली. धाकटी कडेवर. काल काय खाल्लं विचारलं तर म्हणाली, “भाकर अन् चटणी.” आणि आज? “तीच की.” मी तिला शेंगदाण्या-गुळाचा लाडू कसा करायचा ते सांगितलं. तिने निमूट ऐकलं, मग म्हणाली, “ताई, पोटात लई दुखतंय. पांढरं जातंय.” मी ‘होय’वर खूण केली. दवाखान्यात दाखवलं का? “दाखिवलं तालुक्याला.” तिथेही खूण. ऊन चढत होतं, अजून तीन घरं राहिली होती आणि बस चुकली तर पुढची दोन तासांनी होती.

“दवाखान्याचे कागद आहेत का?” मी फॉर्ममध्ये डोकं घालूनच विचारलं.

“हायेत,” ती म्हणाली. मग जरा थांबून, हळू आवाजात, “ताई, पिशवी काढू का?”

“काढा की,” मी म्हणाले. “त्यात विचारायचं काय? आणि लवकर काढा.”

ती उठली नाही. माझ्याकडे बघत बसली. मला वाटलं, कागद दाखवायला लाजतेय. माझा स्वभाव मुळात उतावळा, त्यात बसची घाई. मी तो रकाना कोरा सोडला आणि फॉर्मच्या मागे छापलेला सल्ला वाचून दाखवला. त्यातलं शेवटचं वाक्य होतं, दुखणं अंगावर काढू नका, डॉक्टर सांगतील तसं करा. तिने मान हलवली, सही केली आणि मला कपभर चहा दिला. चहा गोड होता, मी तो उभ्यानेच प्यायले.

दुसऱ्या भेटीला गेले ती महिनाभराने. दसरा जवळ आला होता, माणसं ऊसतोडीला कारखान्याच्या भागात निघायच्या तयारीत होती. ती बाजेवर पडलेली होती, सकाळी अकरा वाजता. सासू भांडी गोणीत भरत होती.

“आजारी आहेत का?” मी विचारलं.

“न्हाई ओ. टाके हायेत अजून,” सासू म्हणाली. “तुमचे लई उपकार झाले बगा. आमी सांगून सांगून थकलो, टोळीचा मुकादम बी म्हनला, काढून टाक, म्हंजी पाळीची कटकट न्हाई अन् उसाच्या फडात खाडा न्हाई. पर ही तयारच व्हइना. म्हनली, एक पोरगं व्हऊ द्या. डाक्टरवर बी इश्वास न्हाई हिचा. म्हनली, कालेजच्या ताई येत्यात, त्यान्ला इचारते, त्या न्हाई म्हनल्या तर मी काढनार न्हाई.”

काय काढायचं, हे मला अजूनही कळलं नव्हतं. आज कुणाला खरं वाटणार नाही, पण नव्हतं कळलं. पुस्तकात आम्ही ‘गर्भाशय’ शिकलो होतो, आकृतीसकट, बाण काढून.

“कागद दावते की,” सासू म्हणाली आणि खुंटीकडे हात करत नातीला सांगितलं, “ए, ती पिशवी काढ गं.”

थोरलीने पाटावर चढून खुंटीवरची पिवळी नायलॉनची पिशवी काढली आणि माझ्या मांडीवर आणून ठेवली.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इथल्या बायका गर्भाशयालाही पिशवीच म्हणत होत्या. पिशवीतला सगळ्यात वरचा कागद दवाखान्याचा होता. त्यावरचा एक इंग्रजी शब्द मी परीक्षेत पाठ केलेला होता. मी तो दोनदा वाचला. मग कोटाची गळ्याजवळची गुंडी काढली.

“तुम्ही मला विचारलंत,” मी तिला म्हणाले. “मला वाटलं, कागदांची पिशवी. मी त्या पिशवीबद्दल बोलत होते.”

ती खुंटीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. सासू गोणीचं तोंड बांधत होती, तिला काही ऐकू गेलं नसावं. मी वाट बघत होते, ती ओरडेल, शिवी देईल, निदान कूस बदलेल. मला तेच हवं होतं. ती म्हणाली, “कावून रडता ताई? तुमाला कुठं ठावं हुतं.”

मग तिने माझ्या मांडीवरचा फॉर्म ओढून घेतला. सातवी शिकलेली, अक्षरं लावत लावत तिने शेवटचा प्रश्न मोठ्याने वाचला. ‘मागील भेटीत दिलेला सल्ला पाळला का?’

“हो लिवा,” ती म्हणाली आणि पेन माझ्या हातात दिला.