कुत्रीच्या गोचिड्या आणि तीन रुपयांच्या कोंबड्या

माझे ऱ्हस्व-दीर्घ चुकतात आणि अक्षर कोंबडीने उकरल्यासारखे आहे, त्याबद्दल माफी असावी. चौथीनंतर पाटी सुटली. ही वही मी कोणाला दाखवणार नाही, पण कोणाच्या हाती पडलीच तर त्याने चुका काढत बसू नये. कुत्रीचे काय झाले एवढे कळले तरी पुरे.

आमचे गाव सावली नावाच्या गावाकडे, धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची शेते, संपून जंगल सुरू होते तिथे होते. घरात माणसे तीन. माझे यजमान बल्लारपूरला कागदाच्या कारखान्यात कामाला होते आणि सणावारालाच घरी येत. शेती त्यांचे मोठे भाऊ, म्हणजे माझे भासरे, पाहत. त्यांची बायको मी लग्न होऊन येण्याआधीच वारली होती. भासऱ्यांसमोर धाकट्या भावाच्या बायकोने पदर घ्यायचा, त्यांच्या समोरून जायचे नाही आणि त्यांच्याशी बोलायचे तर मुळीच नाही, अशी रीत होती. घरात लेकरू असले की बाया त्याच्या आडून बोलतात. आमच्याकडे तेव्हा लेकरू नव्हते, म्हणून आम्ही कुत्रीच्या आडून बोलत होतो.

"बाई, जेवण वाढलं म्हण," असे मी दाराआडून कुत्रीला सांगायची.

"आलो म्हण, पोरी," असे भासरे कुत्रीलाच उत्तर देत.

ती उंबऱ्यावर बसलेली असायची. ज्याचा आवाज येईल त्याच्याकडे मान वळवायची. मी तिला बाई म्हणायची आणि ते पोरी. दुसरे नाव तिला नव्हते.

कुत्री फिक्या रंगाची होती आणि पोटाकडून गुलाबी. तिला काहीच सोसत नसे. दिवाळीआधी भिंतींना चुना दिला आणि ती भिंतीला टेकून झोपली, तर पाठीवर फोड आले. भासऱ्यांनी एकदा करंजाचे तेल चोळले, तर तेवढ्या जागेचे केस गेले. मला त्याचे नवल वाटले नाही, कारण मला बिबा उततो. इतरांना पायाच्या भेगेत बिबा घातला की आराम पडतो. माझा पाय मात्र सुजून मडक्याएवढा झाला होता. एकाचे औषध दुसऱ्याला उतते, हे मला कोणी शिकवायला नको होते.

भासऱ्यांना दिवस मावळला की दिसत नसे. हे त्यांनी कोणालाच सांगितले नव्हते. कंदील जवळ असला तरी जेवताना त्यांचा हात आधी ताटाबाहेर पडे आणि मग आत येई, ते मी पाहिले होते. तेव्हापासून पाण्याचा गडू ठेवताना मी तो ताटाच्या कडेवर जरा वाजवत असे. त्या आवाजावरून त्यांचा हात थेट ताटाशी जाई.

धान निसवले की रानडुकरे येतात. मग घरोघरचा माणूस रात्री बांधीवर जागलीला जातो. भासरे कुत्रीच्या गळ्यात दोरी बांधून निघत. "डुकरामागं धावते, म्हणून बांधतो," असे सगळ्यांना सांगत. ती कधीच धावत नसे. ती धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, पुढे चाले आणि दोरी धरून मागे ते. डुकरांचा वास आला की ती भुंके, मग भासरे त्या बाजूला टिनाचा डबा बडवत. असे त्यांचे चालले होते.

त्या वर्षी पाऊस लांबला आणि गोचिड्या फार झाल्या. कुत्रीच्या कानांत एरंडीच्या बियांसारख्या टरारलेल्या गोचिड्या, बोटांच्या बेचक्यांत बारीक गोचिड्या, आणि पिसवा वेगळ्या. तिच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या. दोन घास खाऊन ती मान टाकायची. एका संध्याकाळी भासऱ्यांनी दोरी बांधली, तर ती आंगणाच्या फाटकापर्यंत गेली आणि तिथेच बसली. ते थोडा वेळ दोरी धरून उभे राहिले. मग "गुडघा दुखून राह्यला म्हण, पोरी," असे सांगून आत आले. दुसऱ्या दिवशीही गुडघा दुखला. त्यानंतरच्या सकाळी जंगलाकडची एक बांधी नांगरल्यासारखी झाली होती.

कुत्री उठली नाही तर उरलेले धानही डुकरे खाणार होती, आणि भासऱ्यांच्या डोळ्यांचे गावाला कळणार होते. दोन्हींपैकी त्यांना कशाची भीती जास्त होती ते मला सांगता येत नाही.

ते दुकानातून पांढऱ्या पावडरीची पुडी घेऊन आले. तिला उग्र, कुबट वास होता. ती बैलांसाठी होती.

"पोरी, उद्या तुले ही लावतो. एका दिवसात गोचिड्या झडतेत म्हणते दुकानदार."

माझे माहेर गोंडपिपरीकडचे. तिथे माझ्या वडिलांनी आमच्या कुत्र्याला तंबाखूचे पाणी लावले होते. गोचिड्या मेल्या, पण कुत्र्याने अंग चाटले आणि दुपारपर्यंत तोंडाला फेस येऊन तोही मेला. इथे सासरी आदल्या वर्षी मलेरियाचे फवारेवाले येऊन घरोघर भिंतींवर औषध मारून गेले होते. डास कमी झाले, ते खरे. पण पुढे महिनाभरात गावातल्या मांजरी एकेक करून मेल्या. मांजर भिंतीला अंग घासते आणि मग बसून अंग चाटते. जनावराच्या अंगाला लावलेले त्याच्या पोटात जाते, एवढे मला यातून कळले होते. बैल केवढा मोठा, त्याला खपत असेल. हिला तर चुनाही खपत नव्हता.

मी दाराआड उभी राहून कुत्रीला म्हटले, "बाई, पावडर नको म्हण." पण ते इतके हळू म्हटले की भासऱ्यांना ऐकूच गेले नाही. ते बैलांना पाणी पाजायला निघून गेले. शेजारच्या म्हातारीने मात्र कुंपणावरून पाहिले होते. तिला मी आत्या म्हणायची. ती कोंबड्या पाळायची आणि सगळ्यांची खबर ठेवायची.

"काऊन वं, कुत्रीच्या कानात मंतर फुकून राह्यली का? तुया भासरा काय तिच्या कानात बसला हाय? मोठ्यानं बोल. जीभ काई झिजत नाई."

सकाळी भासऱ्यांनी ओसरीवर पुडी सोडली. मी दाराआडून बोलले. आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकले.

"बाई, तुले हे लावलं तं तू चाटशीन. चाटलं तं मरशीन. मांजरी कशा मेल्या, पायलं नाई का?"

भासऱ्यांचा हात थांबला. "पोरी, मांजरी म्हातारपणानं मेल्या म्हण."

"बाई, एकाच महिन्यात साऱ्या मांजरी कशा म्हाताऱ्या झाल्या, इचार."

कुंपणापलीकडून आत्या हसली. "बरोबर बोलली पोट्टी. मायं मांजर तं अजून उड्या मारत होतं."

"पोरी, तुयी मालकीण चौथी शिकली अन् डाक्टरीण झाली," भासरे म्हणाले. "मंग इचार तिले, पावडर नाई तं काय? गोचिड्यांची आरती करू?"

"बाई, मी हातानं काढीन म्हण. येत्या बाजारापर्यंत थांबा म्हण."

त्यांनी पुडी बांधली आणि आढ्याला खोचली. "बाजारापर्यंत, पोरी. मंग पावडर."

गोचीड नुसती ओढली तर तिचे तोंड कातडीत राहते आणि तिथे पिकते. मी ती तोंडापाशी धरून, न पिळता, सरळ ओढायची आणि राखेच्या कढत पाण्यात टाकायची. कडुनिंबाचा पाला उकळून पाणी केले, पण ते लगेच अंगभर लावले नाही. जाणती बाई बिबा लावायच्या आधी एक ठिपका देऊन पाहते. माझ्या वेळी कोणी पाहिला नव्हता. मी कुत्रीच्या मागच्या पायाच्या आत बोटभर जागेला ते पाणी लावून ठेवले. ती जागा लाल झाली. मग त्यात दुप्पट साधे पाणी घालून दुसऱ्या पायाला लावले. ते तिला सोसले. तेवढ्याच कडू पाण्याने मी तिला बोडीवर, म्हणजे शेताजवळच्या लहान तळ्यावर, नेऊन धुतले आणि केस सुकेपर्यंत चाटू नये म्हणून तिचे डोके मांडीवर धरून बसले. घरातली कामे तशीच राहिली.

पण सकाळी साफ केलेल्या कानात संध्याकाळी नव्या गोचिड्या दिसत. कुत्री रात्री बैलांच्या कोठ्यात झोपायची. मी कोठ्याच्या भिंतीच्या भेगेत काडी फिरवली, तर काडीबरोबर गोचिड्यांची रास बाहेर आली. कोठ्यातले गवत बाहेर नेऊन जाळले. शेणमाती कालवून भेगा लिंपल्या. कुत्रीची जागा ओसरीवर केली, खाली निरगुडीचा पाला घातला. तरी बैलांच्या अंगावर होत्याच, आणि वरच्या भेगांना माझा हात पुरत नव्हता.

असे लिंपत असताना आत्याच्या कोंबड्या कुंपणातून आत आल्या. बैल पाय ताणून पडला होता. कोंबड्या त्याच्या मांडीच्या आतल्या गोचिड्या टिपत होत्या आणि बैल डोळे मिटून घेत होता. मग त्या भिंतीच्या बुडाशी गेल्या. जे मला बोटांनी जमत नव्हते ते त्या चोचीने करत होत्या.

पण भासऱ्यांच्या गळ्यात माळ होती. आमच्या घरात अंडेही येत नसे.

"बाई, कोठ्यात कोंबड्या पायजेत म्हण," मी दाराआडून म्हटले. "खायला नाई. गोचिड्या येचायला."

भासऱ्यांनी गळ्यातल्या माळेला हात लावला. "पोरी, माळकऱ्याच्या घरी कोंबड्या? सारा गाव हासंन."

आत्याचे कान कुंपणालाच होते. "भाऊ, मांस कोंबडी खाईन, तुमी नाई. तुमी कशाले भेता?"

"तुले तं कोंबड्या इकाच्या हायत, बुढे."

"मंग? फुकट देऊ?"

पैसे सगळे भासऱ्यांकडेच असत. यजमानांचा पगारही त्यांच्याच हाती येई. त्यांनी तीन रुपये काढून कुत्रीच्या पुढ्यात उंबऱ्यावर ठेवले.

"पोरी, सांग तिले. घरच्या पैशातून कोंबड्या नाई घेणार. हे उसने. कोंबड्या तिच्या, पाप तिचं, पैसे माये. परत पायजेत."

आत्याने तीन कोंबड्या दिल्या. त्यातली एक लंगडी माझ्या माथी मारली. पुढे तीच सर्वांत जास्त टिपायची, कारण ती कोठ्याबाहेर फारशी जातच नसे.

बाजाराचा दिवस आला. भासरे सकाळच्या उजेडात कुत्रीजवळ बसले, कान उलटून आत बोटे फिरवली, ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. मग हात धुतले आणि बाजाराला गेले. पुडी आढ्यालाच राहिली. पुढे कित्येक वर्षे ती तिथेच होती.

कुत्री हळूहळू खायला लागली. एका संध्याकाळी ती आपणच फाटकापाशी जाऊन उभी राहिली आणि मागे वळून पाहू लागली. भासऱ्यांनी खुंटीवरची दोरी काढली. "गुडघा बरा झाला म्हण, पोरी." उरलेल्या बांध्यांचे धान घरी आले. जंगलाकडची ती एक बांधी तेवढी गेली.

एक गोष्ट लिहायची राहते. त्याच दुकानातली पावडर गावात एकाने आपल्या काळ्या कुत्र्याला लावली होती. त्याला काहीच झाले नाही. आमचीला काय झाले असते ते मला माहीत नाही. लावून पाहण्याची माझी तयारी नव्हती, एवढेच. आणि गोचिड्या काही कायमच्या गेल्या नाहीत. दरवर्षी पाऊस उघडला की वेचणे, लिंपणे, धुणे आलेच.

उसने फिटायला फार वेळ लागला. अंडी आत्या बाजारात नेऊन विकायची. एक कोंबडी मुंगसाने नेली, दुसरी वर्षातून बरेच दिवस खुडूक बसायची. मिळेल ते नाणे मी उंबऱ्यावर ठेवायची. "बाई, कोंबड्यांचे म्हण."

मध्येच सरकारचे नवे पैसे आले, रुपयाला शंभर असे. जुने आणे आणि नवे पैसे दोन्ही बाजारात चालायचे. जुनी दुअन्नी, म्हणजे दोन आण्यांचे नाणे, चौकोनी होती आणि पाच नव्या पैशांचे नाणेही चौकोनी. दिवसा पाहिले तर लहानमोठे कळते. भासरे एकदा सांजावता दुकानात गेले आणि दुकानदाराने परत दिलेले पाच पैशाचे नाणे दुअन्नी म्हणून पुढे केले. तिथली माणसे हसली. "भाऊ, डोळे घरी ठेवून आले का?" हे मला आत्याने सांगितले.

मी तिला म्हटले, "आत्या, अंड्यांचे पैसे जुनेच आणत जा."

"काऊन? नवे खोटे हायत का?"

"मले त्यांचा हिशोब समजत नाई."

"चौथी शिकली म्हणते अन् हिशोब समजत नाई!" ती हसली आणि तिने ते चार जणींना सांगितले. मी तिला सांगू दिले. पण नाणी तिने जुनीच आणली.

शेवटची एक दुअन्नी राहिली होती. आत्या ती घेऊन आली तेव्हा दिवेलागण झाली होती आणि भासरे जागलीला निघत होते. मी ती उंबऱ्यावर ठेवली आणि दाराआड झाले.

"बाई, आता झाले म्हण."

त्यांनी चाचपून नाणे उचलले. कुत्रीने मान बाजूला घेतली. त्यांनी अंगठा नाण्याच्या चारही कोपऱ्यांवरून फिरवला, मग पुन्हा एकदा फिरवला.

"पोरी," ते म्हणाले, "सारे जुनेच देल्ले तिनं."

त्यांनी दुअन्नी कनवटीला लावली, कुत्रीच्या गळ्यात दोरी घातली आणि उठले.

"सांग तिले, तीन रुपये पुरे झाले."