हिरवं टमाटं

माझी बहीण कारंज्याला शाळेत शिकवते. यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत रिसोडला माझ्याकडे आली ती डोक्यात एक खूळ घेऊनच. स्पेनमधल्या एका गावात म्हणे पोळ्याच्या सुमारास लोक रस्त्यावर उतरतात आणि एकमेकांना टमाटे मारतात. ट्रकच्या ट्रक रिकामे होतात, तासभर नुसता लाल चिखल. तिनं मोबाइलवर सगळं दाखवलं आणि म्हणाली, दादा, आपण दोघं जाऊ.

मी म्हटलं, येडी झाली का? ज्यांनी जन्मात एक टमाटं तोडलं नाही त्यांनी असले शौक करावे. पण ऐकेल ती आमची बाई कसली! दोघांचे पासपोर्ट काढून झाले, सामानाची यादी झाली. जुने कपडे, बंद बूट, पोहणारे लावतात तसा चष्मा. चष्म्यापाशी आल्यावर ती हसली.

"एकच हाय, तो तं सांभाळा लागन."

मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठून आत गेलो.

तिचा डावा डोळा माझ्यामुळे गेला. हे तिला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं. मी अकरा वर्षांचा होतो, ती सहाची. गावाबाहेरच्या आमच्या मळ्यात टमाटे होते, माय त्यांना भेदरं म्हणायची. तोडा झाला की निंबाखाली ढीग पडायचा. चांगला माल क्रेटमध्ये, फुटका-सडका बाजूला, आणि तो बाजूचा ढीग आम्हा दोघांचा. मारामारीला घरातून एकच अट होती, पिलपिलीतच उचलायची. त्या दिवशी तिनं एक सडकं माझ्या शाळेच्या कोऱ्या शर्टावर हाणलं आणि सऱ्यांमधून पळाली. माझं टाळकं सटकलं. हाताला येईल ते उचलून फेकलं, ते हिरवं होतं, दगडासारखं. तिनं नेमकं तेव्हाच वळून पाहिलं.

माय धावत आली, काय झालं म्हणाली. मी म्हणालो, तार लागली.

टमाट्याची झाडं बांबू आणि तारेवर बांधतात. त्या सरीची तार मायनंच सकाळी ओढली होती आणि तिचं टोक आत वाकवायचं राहिलं होतं. माझं खोटं त्या टोकावर चपखल बसलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी जोराचा मार बसलाय म्हणून सांगितलं. कशाचा, ते मायनंच रडत रडत त्यांना सांगितलं. मी बाजूला उभा होतो.

त्यानंतर माय दर हंगामात जुनी लुगडी फाडायची आणि तारेच्या एकेका टोकाला चिंधी बांधायची. अंगठ्यानं दाबून पाहायची. शेजारचे हसायचे, पीक लावलं का नवस बोलले म्हणायचे. पुढं तिच्यानं मळ्यात जाणं होईना, तरी विचारायची, चिंध्या बांधल्या का रे? दोन वर्षांपूर्वी ती गेली. चिंध्या मी अजून बांधतो. कोणाची सक्ती नाही. पण दिवस बुडताना वारा सुटला आणि त्या फडफडायला लागल्या की मी मळ्यात थांबत नाही. कोणीतरी वाकून वाकून एकेक टोक तपासतंय असं वाटतं. भीती वाटते, खरं सांगतो. हिरवं टमाटं तर हातात धरवतच नाही.

जून उजाडला, तिची शाळा सुरू व्हायला आली. तिकिटं काढायला बसलो. ती त्या सणाचे नियम वाचत होती. फेकायच्या आधी टमाटं हातात चुरायचं, कडक लागलं तर इजा होते. मान वर न करता म्हणाली, पाह्य दादा, आपल्या घरचाच नियम.

मला राहवलं नाही. सोबत जायचं, तिच्यासमोर उभं राहून टमाटं उचलायचं, आणि हे पोटात ठेवून? नाही जमणार. मी सांगून टाकलं.

"तार नव्हती ते. मी मारलं होतं. हिरवं."

तिनं शिव्या घालाव्या असं मला फार वाटत होतं. तिनं घातल्या नाहीत. डोळा होता तेव्हाचं आपल्याला काही आठवतही नाही म्हणाली, खेळता खेळता कोणाच्याही हातून होतं. आणि मी निर्लज्ज, मला क्षणभर मोकळं वाटलं.

मग तिनं विचारलं, "मायले सांगतलं होतं?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"शेवटी? दवाखान्यात?"

"नाई."

तिनं जे सांगितलं ते मला कधीच माहीत नव्हतं. तिची वेणी घालताना माय मधेच थांबायची. लग्न होईपर्यंत, रोज. हनुवटी धरून तिचा चेहरा आपल्याकडे वळवायची आणि म्हणायची, माझ्या हातानं झालं वं पोरी, मले माफ कर. आणि ही दर वेळी म्हणायची, केलं माय.

तिनं पासपोर्ट उचलले. माझा माझ्यापुढे ठेवला.

"तिकीट एकच काढ," ती म्हणाली. "माझं."