फुली मारून गेलेले साहेब

आमच्या कचेरीतला दाखला आमच्या कॉम्प्युटरमधून निघत नाही. आपण इथून जिल्ह्याच्या मोठ्या कॉम्प्युटरमध्ये शिरायचं, काम करायचं आणि लॉग ऑफ करून बाहेर पडायचं. आत एका वेळी दोघांनाच जागा. यातलं बाहेर पडणं तेवढं कोणी मनावर घेतलं नव्हतं. कोपऱ्यातली फुली दाबली, खिडकी गेली, की गडी चहाला मोकळा. आतली जागा मात्र अडलेलीच, बसच्या सीटवर रुमाल टाकून उतरावं तशी. लॉग ऑफ केलं की परत पासवर्ड मागतो, आणि पासवर्ड लक्षात ठेवायला आम्ही काय रिकामटेकडे होतो?

त्या दिवशी बेल्याकडच्या एका गावातून मायलेकी आल्या. पोरीचा नर्सिंगला नंबर लागलेला, प्रवेशाचा शेवटचा दिवस. जातीचा दाखला मंजूर होता, फक्त छापायचा होता.

"बाई, आज नाही भेटला त पोरीची सीट जाते," आई म्हणाली.

मला हे सांगायची गरज नव्हती. माझी आई लोकांच्या कपाशीत निंदायला जायची आणि मी अशाच एका कागदावर या खुर्चीपर्यंत आले.

मी शिरायला गेले तर दोन्ही जागा भरलेल्या. एकीवर मागच्या महिन्यात निवृत्त झालेले बाबू. त्यांना शाल दिली, नारळ दिला, भाषणंही झाली. लॉग ऑफ मात्र राहून गेलं. त्यांच्या नावाने आत शिरून त्यांना बाहेर काढावं म्हणून फोनवर पासवर्ड विचारला तर त्यांनी उत्साहाने तीन-चार देवांची नावं सुचवली. एकही देव पावला नाही.

दुसऱ्या जागेवर आमचे साहेब. ते सकाळीच लॅपटॉप घेऊन उटनूरला बैठकीला गेलेले.

"अरे, मैं तो बंद करके आया," ते फोनवर म्हणाले. "ऊपर का एक्स दबाया ना!"

"सर, उससे बंद नहीं होता. लॅपटॉप खोलके एक बार लॉग ऑफ..."

"लॅपटॉप गाड़ी में है," म्हणाले. गाडी दारातच असणार. पण साहेबाने बैठकीतून उठून गाडीपर्यंत चालत जायचं म्हणजे राज्यकारभारच थांबला असता.

जिल्ह्याचा कॉम्प्युटरवाला एका क्षणात दोघांनाही बाहेर काढू शकत होता. तो आधी जेवायला गेला, मग मीटिंगमध्ये, मग फोनच बंद. मायलेकी संध्याकाळच्या बसने परत गेल्या. मला इतका संताप आला की घरी जेवण गेलं नाही.

पुढच्या आठवड्यात कॉम्प्युटरवाल्याने सोय केली: फुली दाबली की माणूस आपोआप लॉग ऑफ. अर्ध्या कप चहात झालं काम. "देखा, मैंने करवाया," साहेब सगळ्यांना सांगत होते. आम्हीही अभिनंदन केलं. नाही कसं करणार?

मायलेकी परत आल्या, दाखला पुढच्या वर्षी तरी लागेल म्हणून. मी तो लगेच काढून दिला. पोरीने आपलं नाव नीट वाचून पाहिलं.

"मॅडम, त्या दिवशी काऊन नाही निघाला?"

"साहेब आत बसून होते," मी म्हणाले.

तिने साहेबांच्या खोलीकडे पाहिलं. "पण त्या दिवशी तं तिथं कुलूप होतं ना?"

"होतं," मी म्हणाले.