न उजळलेली नळी

काकली सरखेल तितिरला पाण्यात पाहायची. उघड नाही, वरून ‘जेवलीस का गं’ चालू असायचं. पण दक्षिण कोलकात्यातल्या त्या प्रयोगशाळेत रेणू घडवता घडवता काकलीचे केस पिकले होते, आणि ही काल आलेली पोरगी पहिल्याच खेपेला भाव खाऊन गेली होती.

कर्करोगाच्या एका जनुकापाशी डीएनएचा पदर स्वतःवरच दुमडून त्याची चौपदरी गाठ होते. त्या गाठीवर नेमका छोटा रेणू बसला, की ती सुटत नाही आणि जनुक गप्प राहतं. यांच्या रेणूंची खूण अशी, की रेणू बसला की नळीतलं पाणी उजळतं. तितिरची नळी उजळली तेव्हा त्यांचे सर हिरण्मयदा स्वतः तिच्यासाठी चहा घेऊन आले. काकलीला त्यांनी कधी चहाचं विचारलंही नव्हतं.

आता पेशींवरच्या चाचणीला दोघींपैकी एकीचाच रेणू जाणार होता.

‘साध्या दुपदरी डीएनएलाही चिकटत असेल मेला,’ काकली मनाशी म्हणायची. तसं असेल तर ते औषध कसलं, विषच. तिचा स्वतःचा रेणू तसाच होता, दिसेल त्याच्या गळ्यात पडणारा. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी तितिर बहिणीच्या केळवणाला गेली. काकलीने तिच्या बाटलीतला थेंब साध्या डीएनएत टाकला आणि उजेडाची वाट पाहत बसली. नळी काळीच राहिली. पुन्हा टाकला, तरी काळीच. तिला रडू आलं.

शनिवारच्या बैठकीत मुरमुरे आणि वांग्याची भजी आली. हिरण्मयदांनी विचारलं, “तितिर, साध्या डीएनएवर पाहिलंस?”

तितिरचा चेहरा पडला. “राहिलं, दादा. सोमवारी करते.”

“पेशी आज तयार आहेत. काकली, तुझं झालंय ना?”

नुसती मान हलवायची होती. पण ती काळी नळी काकलीच्या डोळ्यांपुढून हलेना.

“माझा सगळ्यांनाच चिकटतो,” ती म्हणाली. “तिचा नाही चिकटत. मी काल पाहिलं.”

तितिर धावत येऊन तिच्या गळ्यात पडली. “दीदी, मी तिकडे मासे हादडत होते आणि तू माझ्यासाठी थांबलीस?”

हिरण्मयदांनी स्वतःचा चहा काकलीपुढे सरकवला. सगळे तिच्याकडे मायेने बघत होते. इतक्या वर्षांत असं कुणी बघितलं नव्हतं.

“हो गं,” काकली म्हणाली. “वेळ होता.”

आणि तितिरचे हात गळ्याभोवती असतानाच तिच्या मनात आलं, हे कौतुकसुद्धा आपल्याला हिच्याच रेणूमुळे मिळालं.