खाटेवरचा वरवंटा

सिस्टर रोझिना गेल्याचं मला माझ्या जुन्या मैत्रिणीनं, नसरीननं कळवलं. मी उत्तरपत्रिका तपासत बसले होते, शेजारी चहा निवून गेला होता. "सुमन, आपल्या सिस्टर गेल्या गं," एवढंच ती औशाच्या दवाखान्यातून बोलली. दफन झालं, प्रार्थना झाल्या. आठवडाही सरला नसेल तोच विद्यापीठाच्या मुख्य फादरांनी मला बोलावलं. मुलींच्या वसतिगृहाला रेक्टर हवी होती, सिस्टरांच्या जागी आणि सिस्टरांच्याच खोलीत राहणारी. "तुम्ही इथंच शिकलात, इथंच शिकवता. तुमच्याशिवाय कोण?" ते म्हणाले. मी "बघू" म्हणून उठले. खरं सांगते, नकोच वाटत होतं. नवरा गेला, मुलगा हैदराबादला, गुडघे कुरकुरतात. दिवसभर वर्गात बोलून घसा बसल्यावर पुन्हा परक्यांच्या लेकींच्या मागे कोण धावणार?

आमचं कॅथलिक विद्यापीठ म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. लातूरहून औशाकडे निघालं की डाव्या हाताला दोन-तीन इमारती, एक चॅपल आणि पेरूची झाडं. मी आले तेव्हा तर ते नुसतं कॉलेजच होतं. ख्रिस्ती मुली हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. बाकी आम्ही मुदखेड, कंधार, औसा इकडच्या. 'नन लोकांची शिस्त असती, पोरगी नीट राहती,' म्हणून घरच्यांनी आणून सोडलेल्या. संध्याकाळी अभ्यासाची घंटा झाली की तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि आमच्या खोलीत नसरीन! तिचे अब्बा औशाचे मणियार. बांगड्यांचा आवाज ऐकत वाढलेली पोर गप्प बसणार कशी? सिस्टर दारात येऊन नुसत्या उभ्या राहायच्या. त्या केरळच्या, पण मराठी आमच्याकडूनच शिकलेल्या, त्यामुळे पाहुण्या फादरांपुढेही "हाव, हाव" करायच्या.

पहिल्या वर्षी डिसेंबरात सिस्टरांनी नाताळचा गोठा सजवायचं काम आमच्या खोलीला दिलं. आम्ही कडबा आणला, शेणानं सारवलं, मातीच्या गाई ठेवल्या. सगळं झाल्यावर बघतो तर मधली गव्हाण रिकामी. बाळ नाताळच्या आदल्या रात्री ठेवायचं असतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. "असा रिकामा पाळणा ठिवतेत व्हय?" नसरीन म्हणाली. मलाही ते अशुभच वाटलं. आमच्याकडे बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात. मग काय, स्वयंपाकघरातून वरवंटा पळवला, नसरीनच्या हिरव्या ओढणीत गुंडाळला, वर काजळाची तीटही लावली, आणि दिला येशूच्या गव्हाणीत निजवून.

दुसऱ्या दिवशी सिस्टर तेव्हाच्या फादरांना घेऊन गोठा दाखवायला आल्या. फादरांच्या कपाळाला आठी पडली. "हा दगड?" त्यांनी विचारलं. नसरीननंच सगळं सांगितलं. सिस्टरांनी नीट ऐकून घेतलं. "म्हणजे बाळ येईपर्यंत हा जागा धरून ठेवतो?" "हाव, सिस्टर." "मग असू दे," त्या म्हणाल्या. नाताळच्या आदल्या रात्री त्यांनी वरवंटा दोन्ही हातांनी अलगद उचलला, तिथं बाळ ठेवलं आणि वरवंटा पाट्यावर परत पाठवला. सकाळी त्यानंच खोबऱ्याची चटणी वाटली गेली.

दुसऱ्या वर्षी दिवाळीला मुदखेडला घरी गेले ती तिकडेच अडकले. कंधारचं स्थळ आलं होतं, दुकानदार मुलगा. बापूंनी ट्रंक माळ्यावर टाकून दिली. मला शिकायचं होतं, पण बापूंपुढे बोलायची घरात कुणाची टाप नव्हती. तिकडे कॉलेजात खाटांसाठी मुली ताटकळत होत्या, माझी खाट दुसरीला द्या म्हणून वरून सांगितलं गेलं होतं. आणि एके दुपारी एसटीतून उतरून पांढऱ्या साडीतल्या सिस्टर आमच्या ओसरीवर येऊन बसल्या, बरोबर नसरीन. बापूंनी पाणी दिलं आणि लगेच सांगून टाकलं, "सोयरीक जमून राहिली, सिस्टर. आता काय करायचं शिकून?"

"जमू द्या," सिस्टर म्हणाल्या. "मी तिची खाट कुणाला दिली नाही. वरवंटा निजवलाय तिथं."

बापूंनी हातातला तांब्या खाली ठेवला. "वरवंटा ठिवला?"

"हाव. चादर घालून."

बापू आईकडे बघत पुटपुटले, "वरवंटा ठिवल्यावर लेकरू न्हाई आलं, तर लई वंगाळ असतंय." मग घसा खाकरून म्हणाले, "परीक्षा होऊस्तोवर जाऊ द्या." ती एक परीक्षा पुढे एम.ए.पर्यंत लांबली. मी परतले त्या दिवशी सिस्टरांनी माझ्यादेखत खाटेवरचा वरवंटा उचलला. "आली का? आता याला स्वयंपाकघरात जाऊ दे," म्हणाल्या. मी त्यांच्या कमरेला मिठी मारून रडले. एरवी त्यांना असलं आवडायचं नाही, त्या दिवशी रडू दिलं.

पुढे मिक्सर आला, पाटा कोपऱ्यात गेला, पण वरवंट्याला सुट्टी मिळाली नाही. कुणी मुलगी आजारपणात, लग्नाच्या बोलण्यात घरी अडकली की तिच्या खाटेवर चादरीखाली तो दिसायचा. सगळ्याच मुली परत आल्या असं नाही. तसं झालं की सिस्टर तो कितीतरी दिवस हलवू द्यायच्या नाहीत.

परवा त्यांची खोली आवरायला गेले. त्यांचं सामान म्हणजे चार साड्या, जपमाळ आणि केरळहून आणलेली छत्री. फादरांना नाही म्हणायचं, हे मनाशी ठरवूनच जिना चढले होते. दार लोटलं तर खाटेवर वरवंटा, गळ्यापर्यंत चादर ओढलेली. मागे दारात मुली जमल्या होत्या.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"आम्हीच, मॅडम," कंधारची एक मुलगी म्हणाली. "सिस्टर म्हणायच्या, कुणी येणार असलं तर खाट रिकामी ठिवू नका."

"कोण येणार हाय?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

मी खाटेच्या काठावर बसले. गुडघे दुखत होते, जिना चढल्यानं दम लागला होता... गेल्यावरही मला अडकवलंच, म्हणून सिस्टरांचा तेव्हा थोडा रागही आला. मग उठले, वरवंटा दोन्ही हातांनी उचलला, खाली स्वयंपाकघरात नेला आणि पाट्यावर ठेवून वर खोलीत परत आले.