कूलरची टिकटिक

न्यूट्रिनो पकडायला लोक खोल खाणीत उतरतात, कारण वर म्युऑन कणांची गर्दी असते. नागपूरच्या विद्यापीठात मी ती गर्दीच मोजत होतो. पितळी नळीत ताणलेली तार, तारेवर हजारभर व्होल्ट, कण गेला की टिक. घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. पीएचडी हातची गेली तर आईला काय सांगायचं, या धास्तीनं मला बसवत नसे.

मे महिन्यात टिकटिक वाढली. दुपारी चढे, संध्याकाळी उतरे. सलग दहा दिवस. सूर्याचा काहीतरी परिणाम सापडला, असं मी ठरवूनच टाकलं. परिषदेला निघालेल्या माझ्या मार्गदर्शक सरांनी माझा आलेख बॅगेत ठेवला. "तिथे मांडतो," म्हणाले. माझे पाय जमिनीवर नव्हते.

ते निघायचे त्याच दुपारी टिकटिक चढेना. नळ्या तपासल्या, तारा तपासल्या, सगळं ठीक. मी येरझारा घालत होतो तेव्हा प्रयोगशाळेतले म्हातारे मेकॅनिक दारात आले.

"काहून फिरून राहिला गा? गरम होते का? आज नळच नाही आला, कूलरमंदी पाणी नाही."

कूलर मीच आणून बसवला होता. दुपारी लावायचा, संध्याकाळी बंद करायचा. नागपुरात मे महिन्यात कूलरकडे कोण बघतं? मेकॅनिकांनी कुठूनतरी बादलीभर पाणी आणून ओतलं. वाळ्याचा ओला वारा नळ्यांवर आला आणि थोड्या वेळात टिकटिक चढली. ओलीमुळे व्होल्टेज गळून खोटी टिकटिक उठत होती, आणि मी ती सूर्याच्या नावावर लिहीत होतो.

"सरले सांग गा," ते म्हणाले. "गाडी चारची हाय."

मी लगेच उठलो नाही. गप्प बसलो तर कोणाला कळणार, हा विचार मी केला. चांगला सविस्तर केला. मग स्वतःचीच चीड आली आणि सायकल काढली.

स्टेशनवर सर गाडीत खिडकीशी बसले होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी बॅगेतून आलेख काढून माझ्या हातात दिला.

"कधी कळलं?"

"एक वाजता, सर."

त्यांनी घड्याळ पाहिलं. चारला पाच कमी होते.

"सायकलनं वीस मिनिटं लागतात," ते म्हणाले. "प्रबंध होईल तुझा. कूलरचंही लिही त्यात. उरलेल्या वेळाचंही लिही."

गाडी हलली. कूलरचं मी प्रबंधात लिहिलं. उरलेल्या वेळाचं आज लिहितो आहे.