मधला ट्रे

लोणच्यावर व्हिनेगर ओतलं आणि सांडोर गावच्या आमच्या घरातली ती काळे पडदे लावलेली खोली आठवली. पप्पा तिथे लाकडी कॅमेऱ्यातल्या, वहीच्या पानाएवढ्या फिल्म एकामागून एक तीन रसायनांच्या पाण्यात धुवायचे. त्यातल्या मधल्या पाण्याला असाच आंबट वास असायचा.

त्यासाठीचे ट्रे घ्यायला आम्ही वसईच्या बाजारात गेलो होतो. मी तेव्हा आठवीत. भांड्यांच्या दुकानात पप्पा डोळे मिटून एनॅमलच्या ट्रेंच्या काठांवरून बोटं फिरवत बसले.

"अहो, लोक बघतायत," आई पुटपुटली.

"आत लाल दिवासुद्धा चालणार नाही. तिथे बोटांनीच बघायचंय."

पहिल्या पाण्यासाठी त्यांनी गुळगुळीत काठाचा ट्रे घेतला, शेवटच्यासाठी जाड काठाचा. मधल्यासाठी मात्र काठाचा टवका उडालेला मुद्दाम शोधून काढला. दुकानदार हसला. मी लाजून बाहेर जाऊन उभी राहिले, समोरच्या केळीवालीकडे बघत, जणू हे माझे कोणीच नव्हेत.

पप्पांना आता दिसत नाही. मी माळ्यावरून हाताला लागला तो ट्रे काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांचं बोट काठावरून सावकाश फिरलं, एका जागी थांबलं.

"मधला," ते म्हणाले.